डोंगरावरच्या वाडीचा भूगोल-इतिहास लिहायचा कसा?

गगनबावड्याकडच्या एखाद्या वाडीची माहिती लिहायची तर आधी पाणी शोधा. सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळाचा, जांभा दगड पाऊस पितो, खालच्या चिकण थरापाशी झरा फुटतो. वस्ती बहुधा तिथंच. १:५०,००० च्या नकाशावर दोन समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांत) २० मीटरचा चढ असतो, तेव्हा उंची काढायला झऱ्यापासून सड्यापर्यंत रेषा मोजा.

मग देवळामागचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड. खालून वर वाचायचे: तळाला लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग, चंद्र-सूर्य. शेंदूर खरवडू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, झिजलेली तलवारही उठून दिसते.

मोडी कागदातलं साल मात्र जपून! इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, फसली या महसुली सालात ५९०. गल्लत झाली की गाव पाचशे वर्षं मागं जातं.