पगाराचा मेसेज आणि पगाराची स्लिप

अनुदानित माध्यमिक शाळेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, तेव्हा पहिली दोन वर्षं मी स्वतःची पगार स्लिप नीट वाचलीच नाही. आणि शाळेची पगारबिलं करायचो मीच! बँकेचा मेसेज आला की विषय संपला.

मग एकदा शिपाई मामा टेबलाशी येऊन उभे राहिले. "भाऊसाहेब, पतसंस्थेचं कर्ज दिवाळीत फिटलं. मग हातात जास्त का येईना?" स्लिपा काढल्या. चार महिने हप्ता कापलाच जात होता. कर्ज फिटल्याचा दाखला माझ्याच कपाटात पडून, अन् बिलातली वजावट मी काढलीच नव्हती. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी मामांना पतसंस्थेत तीन चकरा माराव्या लागल्या.

नव्याने लागलेल्या शिक्षकेतरांनी म्हणून स्लिप मागून घ्यावी. त्यात भीड कसली? शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवरचं बिल मुख्याध्यापक वेतन पथकाकडे, म्हणजे पगारबिलं मंजूर करणाऱ्या शिक्षण खात्याच्या कार्यालयाकडे, पाठवतात. त्याआधी चूक दिसली तर शाळेतच दुरुस्त होते. नंतर दिसली की फरकाचं बिल आणि वाट बघणं.

आधी मूळ वेतन बघा. सातव्या वेतन आयोगात शिपायाची सुरुवात एस-१ या वेतनस्तरात १५,००० वर, कनिष्ठ लिपिकाची एस-६ मध्ये १९,९०० वर. पहिली वेतनवाढ लागली की १९,९०० चे २०,५०० झालेच पाहिजेत. महागाई भत्ता आणि घरभाडं मूळ वेतनावरच निघतं, त्यामुळे हा आकडा चुकला की खालचं सगळंच चुकतं. व्यवसाय कर २०० चा फेब्रुवारीत ३०० होतो, ती चूक नव्हे. वर्षाचे २,५०० भरायचे असतात. दर फेब्रुवारीत कुणीतरी हे विचारायला येतंच.

१ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांपैकी ज्यांची एनपीएसची (राष्ट्रीय पेन्शन योजनेची) कपात होते, त्यांनी जास्त जागं राहावं. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्याचे १० टक्के कापले गेले एवढंच स्लिप सांगते. ते जमा झाले का, हे प्रान खात्याच्या, म्हणजे या योजनेतल्या आपल्या कायम क्रमांकाच्या खात्याच्या, उताऱ्यातच दिसतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून महिन्यागणिक टिक करा. रकमेएवढाच प्रान क्रमांकही आकडा न् आकडा ताडून बघा.

मामा आता दर महिन्याला प्रिंट नेतात. चष्मा लावून आधी वजावटीचा रकाना बघतात, मग माझ्याकडे.