शाळा सांभाळून पार्ट-टाइम काम करताय? या चुका टाळा

‘शिफ्ट चार ते आठ, म्हणजे जेमतेम चार तास.’ बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. तीनला शाळा सुटते, वाटेत काहीतरी तोंडात टाकून चारला कामावर हजर. आठला शिफ्ट संपली तरी काउंटर पुसणं, हिशेब जुळवून देणं यात वीस मिनिटं जातात. घरी पोचायला नऊ आणि आंघोळ-जेवण उरकून पुस्तक उघडेपर्यंत पावणेदहा. चार तासांच्या कामाने पावणेसात तास खाल्ले! सकाळी सहाला उठायचं आणि आठ तास झोपायचं, तर दहाला दिवा मालवायला हवा. अभ्यासाला उरली पंधरा मिनिटं.

म्हणून हो म्हणण्याआधी आठवडा कागदावर मांडा. आधी झोप भरा. १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. मग शाळा आणि अभ्यास. काम उरलेल्या जागेत बसतंय का ते शेवटी बघा. आधी काम भरलं, तर कात्री झोपेलाच लागते, आणि ते पहिल्या तासाच्या बाईंना तुमच्याआधी कळतं.

दुसरी चूक मुलाखतीत होते. काम मिळावं म्हणून मुलं सांगून टाकतात, ‘मी कधीही येऊ शकतो.’ मालक वाईट नसतो, पण त्याला रिकामी जागा भरायची असते. तुम्ही ‘कधीही’ म्हणालात की रात्रीची आणि कुणालाच नको असलेली शिफ्ट तुमच्याच नावावर. त्यापेक्षा ‘मंगळवार, गुरुवार संध्याकाळी सातपर्यंत आणि शनिवारी दिवसभर’ असं नेमकं सांगा. एखादं काम हातचं जाईल, जाऊ द्या.

वयाचे आणि तासांचे नियम न बघणं हीही नेहमीची चूक. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३च्या करारात कामाचं किमान वय साधारण १५ आणि धोकादायक कामासाठी १८ धरलं आहे. प्रत्येक देशाचे नियम मात्र वेगळे असतात. अंदाजासाठी सांगायचं तर अमेरिकेत १४-१५ वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी ३ तास आणि शाळेच्या आठवड्यात १८ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. आपल्याकडचा नियम शाळेत विचारून घ्या.

नोकरी देण्यासाठीच कुणी पैसे मागत असेल, मग नाव ‘नोंदणी’ असो की ‘ट्रेनिंग फी’, तिथून सरळ निघा. ओटीपी मागितला तरी तेच.

काम सुरू आहे आणि गाडी रुळावरून घसरतेय?

मधल्या सुट्टीत गृहपाठ उतरवणं, बाकावर डुलक्या लागणं, शिफ्टच्या दिवशी सकाळपासूनच चिडचिड होणं ही लक्षणं. अशा वेळी मुलं आजारपणाची थाप मारतात. एकदा चालते, दुसऱ्यांदा पकडली जाते, आणि खरंच ताप येतो तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही. आधी शाळेच्या दिवसांतली उशिराची शिफ्ट सोडा, सुट्टीच्या दिवसाची ठेवा. परीक्षेचं वेळापत्रक हातात पडलं की त्याच दिवशी कळवा, आदल्या आठवड्यात नाही. मोघम ‘जरा सुट्टी हवी होती’ नको. असं लिहा:

‘नमस्कार सर, ५ ते १९ तारखेपर्यंत माझी परीक्षा आहे. त्या काळात फक्त शनिवारी येऊ शकेन. २० पासून नेहमीप्रमाणे येईन. त्याआधी गरज लागल्यास या आठवड्यात एक जास्तीची शिफ्ट करतो.’

तारखा आहेत, पर्याय आहे, परतीचा दिवसही आहे. एवढं हातात आलं की रोस्टर बनवणाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं.

तरीही तास कमी होत नसतील तर काम सोडा, पण एक दिवस अचानक गायब होऊन नको. दोन आठवडे आधी लेखी कळवा, शेवटच्या दिवशी युनिफॉर्म आणि चाव्या परत करा आणि राहिलेला पगार कधी मिळणार ते निघण्यापूर्वी विचारून घ्या.