घरात तळहाताएवढा कोळी दिसला तर काय करावं

केळ्यांच्या घडात जीवघेणा कोळी सापडल्याचे मेसेज अधूनमधून फिरतात. तो कोळी खरा आहे, पण इथला नाही. फोन्युट्रिया हे त्याचं शास्त्रीय नाव, ब्राझिलियन भटका कोळी म्हणून प्रसिद्ध. मध्य अमेरिकेपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतच त्याचा वावर. जाळं विणत नाही, रात्री जमिनीवर फिरून शिकार करतो आणि दिवसा ओंडक्याखाली, केळीच्या पानांच्या बेचक्यात, तिथल्या घरांत तर बुटातही दडतो. नाशिकच्या बाजारात केळी येतात जळगावकडून. त्यात हा येणार कुठून?

आपल्याकडे भिंतीवर दिसतो तो बहुधा हंट्समन. अंग चपटं, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले, पायांसकट ७ ते १२ सेंमी. खात्री हवी असेल तर लांबूनच मोबाइलवर झूम करून समोरून फोटो घ्या. हंट्समनचे आठ डोळे चार-चारच्या दोन ओळींत असतात, फोन्युट्रियाचे दोन-चार-दोन अशा तीन ओळींत. पुढचे पाय उभारले एवढ्यावरून तो फोन्युट्रिया ठरवू नका, सह्याद्रीतले केसाळ टॅरँटुलाही तसंच करतात.

झुरळं खातो, त्यामुळे राहू दिला तरी चालतं. बाहेर काढायचाच तर रुंद तोंडाची पारदर्शक बरणी घ्या, तोंड किमान १२ सेंमी. त्याहून लहान असेल तर काठाखाली पाय चिरडतात. बरणी हळू नेऊन शेवटच्या वितीत पटकन टेकवा. श्वासाची झुळूक लागली तरी तो पळतो. मग जाड लग्नपत्रिका भिंतीला घासत आत सरकवा आणि कुंपणापाशी सोडा. झाडूने हाणायला गेलात तर तो दांड्यावरून हाताकडे येतो. पोटाखाली पांढरी चपटी पिशवी धरलेली मादी असेल तर चिरडू नका, आत शे-दोनशे पिल्लं असतात.

चावलाच तर जखम साबणाने धुवा, अंगठी-बांगड्या काढा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं ठेवा. चिरायचं नाही, चुना लावायचा नाही, आवळून बांधायचं नाही. घाम, उलट्या, पेटके किंवा श्वासाचा त्रास सुरू झाला, किंवा चावा लहान मुलाला असेल, तर १०८ ला फोन करा.

मात्र कांदाचाळीत किंवा जमिनीवर झोपलेल्याला काही चावलं आणि कोळी डोळ्यांनी दिसला नसेल, तर तो सर्पदंश धरूनच थेट रुग्णालय गाठा. मण्यारचा दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि त्यावर "कोळी चावला असेल" म्हणत सकाळपर्यंत थांबणं जिवावर बेततं. द्राक्षाचे क्रेट आणि गोणपाट हलवताना जाड हातमोजे घाला, बूट घालण्याआधी झटकून घ्या.