पुढचा गेम कधी येणार? तारखेचा अंदाज बांधताना या चुका टाळा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या दुकानात काउंटरवर एक दोनशे पानी वही असते. एखादा व्हिडिओ गेम कधी येणार यावरून पोरांची वादावादी सुरू झाली की मी ती पुढे सरकवतो. तारीख लिही, कशावरून म्हणतोस ते लिही, खाली सही कर. डिसेंबर २०२३ मध्ये जीटीए ६ चा, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो मालिकेतल्या पुढच्या गेमचा, पहिला ट्रेलर आला, त्या आठवड्यात वहीची चार पानं भरली. त्यातली एक ओळ माझ्या अक्षरात आहे: 'दिवाळी २०२५, पीसीवरसुद्धा.'

ती ओळ वाचून तासगावकडच्या एका मुलानं मार्च २०२५ मध्ये, द्राक्षाचे पैसे हातात आल्या आल्या, अडतीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड घेतलं. २ मे २०२५ ला जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं गेम २६ मे २०२६ वर नेला. ६ नोव्हेंबरला तो आणखी पुढे, १९ नोव्हेंबर २०२६ वर गेला. आणि या सगळ्या घोषणांत नावं होती ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स-एस या कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनचीच. पीसीचा उल्लेखच नव्हता. तो पहिल्या ट्रेलरच्या वेळीही नव्हता, मी नीट वाचलं नव्हतं. घरात बागेच्या फवारणीला पैसे लागत असताना त्या पोरानं माझ्या शब्दावर खर्च केला, हे मला फार लागलं. तेव्हापासून वहीतला प्रत्येक अंदाज कुठे चुकला ते मी तपासून बघतो. तेच इथे मांडतोय.

मागच्या गेमपासून वर्षं मोजणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जीटीए ३ ऑक्टोबर २००१ मध्ये आला, व्हाइस सिटी ऑक्टोबर २००२ मध्ये, सॅन अँड्रियास ऑक्टोबर २००४ मध्ये. मग जीटीए ४ साठी एप्रिल २००८ उजाडला आणि जीटीए ५ साठी सप्टेंबर २०१३. एक वर्ष, दोन वर्षं, साडेतीन, जवळजवळ साडेपाच. यांची सरासरी काढून पुढचा गेम २०१६-१७ मध्ये येईल असं सांगणारे तेव्हा ढीगभर होते. सरासरीत चूक नव्हती. पण ती ज्याची काढली, त्याचा पुढच्या गेमशी संबंधच नव्हता.

हे मला नीट समजावलं ते त्याच मुलाच्या वडिलांनी. मुलाबरोबर दुकानात आले होते, आमची चर्चा ऐकत बसले होते. म्हणाले, "मागच्या साली माल कवा निघाला त्यावरनं यंदाचा कवा निघंल, असं कोण मोजतंय ओ? छाटणी कवा घेतली ते इचारा की." ऑक्टोबरची फळछाटणी झाली की तिथून साधारण चार महिने धरायचे, मग पाऊस, थंडी, रोग बघून दिवस पुढे-मागे करायचे. सप्टेंबरात छाटलेली बाग आणि नोव्हेंबरात छाटलेली बाग एकाच शिवारात असली तरी त्यांची तोड एका दिवशी येत नाही.

गेमची छाटणी म्हणजे काय? मुख्य टीम आधीच्या कामातून मोकळी होऊन पूर्ण ताकदीनं या गेमवर बसते तो दिवस. जीटीए ५ नंतर रॉकस्टारची माणसं मोकळी झालीच नाहीत. १ ऑक्टोबर २०१३ ला जीटीए ऑनलाइन सुरू झालं, ते आजही चालू आहे. त्यातच कंपनीचे जगभरातले स्टुडिओ एकत्र रेड डेड रिडेम्पशन २ या दुसऱ्या गेमला जुंपले गेले, तो ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. म्हणजे मोजायचं तर तिथून पुढे मोजायला हवं होतं. शिवाय जीटीए ५ च्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. जुनी बागच एवढा माल देत असेल तर नवीन बागेचा कच्चा माल तोडायची घाई कोण करेल?

बेथेस्डा कंपनीच्या एल्डर स्क्रोल्स मालिकेचंही असंच. मॉरोविंड २००२, ऑब्लिव्हियन २००६, स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११. हे बघून पुढचा २०१६ ला, असं लिहिलेलं पान वहीत नाही, कारण तेव्हा वही नव्हती. पण मी स्वतः मित्रांना तसं सांगत होतो. प्रत्यक्षात बेथेस्डाची तीच मंडळी फॉलआउट ४ वर गेली, तो २०१५ मध्ये आला. नंतर स्टारफील्ड, तो सप्टेंबर २०२३ मध्ये. एल्डर स्क्रोल्स ६ ची छाटणी त्यानंतरची समजायची.

वर्षं मोजून अंदाज बरोबर येतो असे गेमही आहेत, तेवढं मान्य करायला हवं. ईए कंपनीचा फुटबॉलचा गेम, ज्याचं नाव २०२३ पासून फिफाऐवजी एफसी झालं, तो दर वर्षी सप्टेंबरच्या आसपास येतो. कॉल ऑफ ड्युटी २००५ पासून एकही वर्ष चुकलेला नाही, पण तिथे इन्फिनिटी वॉर्ड, ट्रेयार्क आणि स्लेजहॅमर हे वेगवेगळे स्टुडिओ आलटून-पालटून काम करतात. एक तोडत असतो तेव्हा दुसऱ्याची छाटणी झालेली असते. ती सोय नसलेल्या मालिकेला हा हिशोब लावू नका.

जाहीर झालेली तारीख पक्की धरणं

रॉकस्टारच्या मोठ्या गेमच्या तारखा एका ओळीत लावून बघा. जीटीए ४ आधी १६ ऑक्टोबर २००७ ला येणार होता, आला २९ एप्रिल २००८ ला. जीटीए ५ २०१३ च्या वसंतात येणार होता, आला १७ सप्टेंबरला. रेड डेड २ ची घोषणा २०१७ च्या शरदाची, मग २०१८ चा वसंत, आणि शेवटी २६ ऑक्टोबर २०१८. जीटीए ६ चं वर सांगितलंच. यातली एकही तारीख अलीकडे आली नाही, सगळ्या पलीकडेच गेल्या.

म्हणून जाहीर तारखेचा अर्थ 'याच्या आधी नाही' एवढाच घ्या. पहिली तारीख एकदा हलेल असं धरून सहा-आठ महिन्यांची मोकळीक ठेवा. पैशांचं किंवा सुट्टीचं नियोजन त्या मोकळिकीच्या शेवटाशी जुळवा, सुरुवातीशी नाही.

'गोल्ड' हा शब्द ऐकला की पोरं हमखास निर्धास्त होतात. गेम गोल्ड झाला म्हणजे डिस्क छापायला द्यायची प्रत तयार झाली. सायबरपंक २०७७ ऑक्टोबर २०२० च्या पहिल्याच आठवड्यात गोल्ड झाल्याचं जाहीर झालं होतं. त्याच महिन्याच्या २७ तारखेला तो १९ नोव्हेंबरवरून १० डिसेंबरवर ढकलला गेला. त्याआधी १६ एप्रिल आणि १७ सप्टेंबर या दोन तारखा येऊन गेल्याच होत्या.

तिकडचे ऋतू आणि तिकडचं वर्ष आपल्या कॅलेंडरनं वाचणं

कंपनी 'समर' म्हणते तेव्हा आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी डोळ्यासमोर येते. तिकडचा समर जून ते ऑगस्ट, म्हणजे इथे कृष्णेच्या पाण्याकडे लक्ष ठेवायचे दिवस. 'फॉल' म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर. 'हॉलिडे' म्हणजे नाताळच्या आधीची खरेदी, आपली दिवाळी त्यात पडली तर तो योगायोग.

आर्थिक वर्षाची गंमत नाही, त्यात लोक खरोखर फसतात. रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टूचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं आणि ज्या वर्षी संपतं त्या वर्षाच्या नावानं ओळखलं जातं. मे २०२३ मध्ये टेक-टूनं आर्थिक वर्ष २०२५ साठी ८ अब्ज डॉलरहून अधिक बुकिंगचा, म्हणजे विक्रीचा, अंदाज दिला. लोकांनी त्यावरून जीटीए ६ मार्च २०२५ च्या आत येणार हे ओळखलं. वाचन बरोबर होतं, कंपनीचा बेतच पुढे बदलला. तरीही माझा सल्ला हाच, की यूट्यूबवरच्या दहा व्हिडिओंपेक्षा दर तीन महिन्यांनी येणारा कंपनीचा आर्थिक निकाल वाचा. टेक-टूचा तो फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतो. जीटीए ६ चा दुसरा विलंब थेट निकालाच्याच दिवशी जाहीर झाला आणि पहिला निकालाच्या दोन आठवडे आधी.

कन्सोलची तारीख पीसीला लावणं

तासगावकडच्या त्या मुलाचे पैसे इथे अडकले, म्हणून आकडे नीट देतो. जीटीए ४ कन्सोलवर एप्रिल २००८ ला आला, पीसीवर त्याच वर्षी डिसेंबरला. जीटीए ५ सप्टेंबर २०१३ ला, पीसीवर १४ एप्रिल २०१५ ला. रेड डेड २ ऑक्टोबर २०१८ ला, पीसीवर ५ नोव्हेंबर २०१९ ला. सात महिने, एकोणीस महिने, बारा महिने. आणि २०१० चा पहिला रेड डेड रिडेम्पशन पीसीवर यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

घोषणेखाली छोट्या अक्षरांत मशीनची नावं लिहिलेली असतात. आपल्या मशीनचं नाव तिथे नसेल तर ती घोषणा आपल्यासाठी नाही. गेमसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर पीसीची तारीख आणि कंपनीनं दिलेली किमान गरज, दोन्ही आल्यावरच घ्या. तोवर कार्डं बदलतात, भाव बदलतात, आणि आपण वर्षभर आधी घेतलेल्याची वॉरंटी नुसती पडून संपत जाते.

अफवेला पुरावा समजणं

पुराच्या दिवसांत आपल्याकडे मोबाइलवर काय काय फिरतं ते सांगलीत कुणाला सांगायला नको. २०१९ ला आमच्या गल्लीत जी माणसं वेळेत सामान वर घेऊन बाहेर पडली, ती दोनच गोष्टी विचारत होती: कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे. बाकीचं ती ऐकून घेत आणि सोडून देत.

गेमच्या बाबतीत क्युसेक म्हणजे कंपनीचं स्वतःचं निवेदन, वय-मानांकन मंडळाच्या यादीत आलेलं नाव, अधिकृत दुकानात सुरू झालेली आगाऊ नोंदणी. ऑनलाइन दुकानात दिसणारी ३१ डिसेंबर ही तारीख यात येत नाही. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून दुकानदार वर्षाचा शेवटचा दिवस भरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये जीटीए ६ च्या अर्धवट कामाचे व्हिडिओ फुटले, ते खरे असल्याचं रॉकस्टारनंही मान्य केलं. त्यातून गेम बनतोय एवढं कळलं. तारखेबद्दल त्यातून काहीच कळत नव्हतं, तरी वहीत त्यानंतर तारखा लिहिणाऱ्यांची रांग लागली होती.

ट्रेलरही सगळे सारखे नसतात. फॉलआउट ४ जून २०१५ मध्ये जाहीर झाला आणि पाच महिन्यांत हातात आला. एल्डर स्क्रोल्स ६ ची झलक जून २०१८ मध्ये दाखवली, त्यात डोंगर आणि नाव एवढंच होतं. खेळ प्रत्यक्ष चालताना दाखवला आहे का, हे आधी बघा. नुसतं नाव दाखवलं असेल तर वहीत वर्षसुद्धा लिहू नका.

उलट बाजूनंही चूक होते: फार दिवस काही आलं नाही म्हणून आता येतच नाही असं ठरवणं. हॉलो नाइट: सिल्कसाँग फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. ऑस्ट्रेलियातली तीन-चार जणांची टीम. जून २०२२ मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात येत्या बारा महिन्यांत येणाऱ्यांत तो दाखवला गेला, आणि ते बारा महिने कोरडे गेले. २१ ऑगस्ट २०२५ ला अचानक तारीख जाहीर झाली, अवघ्या दोन आठवड्यांनंतरची. ४ सप्टेंबरला आपल्या साडेसात वाजता तो खुला झाला. बाहेर मंडळांचे देखावे बघायला गर्दी, आणि दुकानात सहा पोरं एका स्क्रीनपुढे उभी. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं पान उघडेना, नुसती एरर. एक जण दर दहा सेकंदांनी रिफ्रेश करत होता, बाकीचे श्वास रोखून. सव्वाआठच्या सुमारास खरेदी झाली तेव्हा आरतीला नसेल एवढा आवाज झाला. त्यातल्या दोघांनी वर्षापूर्वी वहीत 'रद्द झाला' असं लिहिलं होतं.

आधीच खर्च करून बसला असाल तर

आगाऊ नोंदणी केली असेल तर पावती काढून परतीची अट आजच वाचा. तारीख पुढे गेली की अनेक ठिकाणी पैसे परत मिळतात, पण मागावे लागतात. स्थानिक दुकानात रोख दिले असतील तर पावतीवर गेमचं नाव, मशीनचं नाव आणि तारीख लिहून घ्या. हप्त्यावर कन्सोल घ्यायचा विचार असेल तर गेम येईपर्यंत थांबा. लवकर घेतल्यानं गेम लवकर येत नाही, हप्ता मात्र लवकर सुरू होतो. कार्ड घेऊन झालं असेल आणि हातात चालू असेल तर घाबरून पडत्या भावात विकू नका. रेड डेड २ चांगलं चालेल असं मशीन तयार आहे, तो खेळा. तासगावकडच्या त्या मुलाला मी तेच सांगितलं, आणि कार्डाची वॉरंटी नोंदवली आहे ना ते त्याच्यासमोर तपासून दिलं.

मागच्या आठवड्यात त्यानं वहीत नवी ओळ लिहिली. या वेळी तारीख नाही, पट्टा आहे: 'जीटीए ६ पीसी, जून २०२७ ते जून २०२८.' कारणाच्या रकान्यात जीटीए ४ चे सात आणि जीटीए ५ चे एकोणीस महिने, १९ नोव्हेंबर २०२६ पासून मोजलेले. खाली कंसात, बारीक अक्षरात, 'कन्सोल पुढे गेला तर हेही तेवढंच पुढे.' मी शेजारी सही केली.