नदीतली मुरी घरच्या टाकीत कशी जगवावी

टाकी चालवता येते, फिल्टर मुरलेला आहे आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन कसा घालवायचा हे ठाऊक आहे, असं धरून लिहितोय. हे अजून जमत नसेल तर आधी गप्पी पाळा.

मासा निवडताना मुरीच घ्या, म्हणजे बोटभर लांबीचा, मिशावाला, रेतीत दडणारा आपला देशी लोच. शिंगटा देखणा असतो, पण रात्रीतून टाकीतले बारीक मासे साफ करतो, आणि त्याचा काटा लागला की हात ठणकत बसतो. मोठ्या जातीची वाम दोन फुटांच्या पुढे जाते. बाजारातला मांगूर तर नकोच. तो बहुतेकदा आफ्रिकन निघतो, आणि त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आहे.

नागपूरजवळच्या कन्हान नदीच्या काठावर जाळं टाकणाऱ्या ढिवर दादांना पावसाळा ओसरल्यावर सांगून ठेवा. पाच-सहा मुऱ्या पुरे, एकटी नको. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून काहीही उचलू नका, तो गुन्हा आहे.

तळाला बारीक रेती, दोन-तीन इंच. बांधकामाची कन्हान रेती चालते, पण मैद्याच्या नाही तरी रव्याच्या चाळणीतून चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन. दुकानातले रंगीत खडे मुरीच्या मिशा झिजवतात. पकडायला जाळी वापरू नका. तिच्या डोळ्याखाली एक बारीक दुभंगलेला काटा असतो, घाबरली की तो उभा राहतो आणि जाळीच्या धाग्यात अडकतो. मग तुम्ही सोडवायला जाता आणि माशाचा गाल फाटतो. पारदर्शक मग बुडवा आणि तिला हळूच आत हाकला.

पहिले तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा, तिथेही तळाला रेती हवीच. पांढरे ठिपके दिसले तर औषध बाटलीवर लिहिलंय त्याच्या अर्धंच घाला. मुरीचे खवले नावालाच असतात, तिला पूर्ण डोस सोसत नाही.

आता खरी गोची. खाणं.

"तळाचे मासे उरलंसुरलं खातात, वेगळं काही घालावं लागत नाही," हे दुकानदाराचं वाक्य जितक्या मुऱ्यांच्या जिवावर उठलंय तितका कुठलाही रोग उठला नसेल. मुरी घाण खात नाही. ती रेती तोंडात घेते, त्यातले किडे आणि अळ्या टिपते आणि उरलेली रेती कल्ल्यांतून बाहेर सोडते. नदीतून आलेल्या मुरीला तुमच्या गोळ्या म्हणजे खडेच. त्यात वरचे मासे एक दाणा खाली येऊ देत नाहीत. मुरी काही लगेच मरत नाही, आठवडे काढते, आणि मग एके सकाळी आडवी दिसते. या टप्प्याने मलाही बरंच रडवलंय.

पहिले दोन दिवस काही घालू नका. तिसऱ्या रात्री दिवा मालवून अर्ध्या तासाने गांडूळ घ्या, धुवा, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करा. पाण्यात एक अरुंद पाइप तळापर्यंत उभा धरा आणि तुकडे त्यातून खाली सोडा. रोज तीच जागा, तीच वेळ. गांडूळ बागेतल्या ओल्या मातीतलं, फवारणी नसलेलं. गांडूळखताच्या खड्ड्यातलं लाल गांडूळ आणू नका, ते कडवट पिवळा रस सोडतं आणि मासे थुंकून टाकतात. नाल्यातले ट्यूबिफेक्स, म्हणजे गाळातले धाग्यासारखे लाल किडे, तर फुकट मिळाले तरी नकोत.

पाइप दिसताच मुऱ्या रेतीतून डोकी काढू लागल्या, की पुढची पायरी. गांडूळ वाटून त्यात चिमूटभर गोळ्यांची पूड मिसळा आणि चायना ग्रासमध्ये घट्ट बसवून बारीक तुकडे करा. दर आठवड्याला पूड वाढवा, गांडूळ कमी करा. घाई केलीत तर मुरी पुन्हा तोंड फिरवेल, मग निमूट एक पायरी मागे या. उरलेलं सकाळी नळीने ओढून काढायचं.

मुरी खातेय की नाही हे पोट सांगतं. ती काचेला चिकटली की खालून बघा. कल्ल्यांच्या मागे पोट गोल हवं, खोलगट नको. भरपूर खाऊनही खोलगटच राहिलं तर आत जंत असू शकतात. पशुवैद्यकाला विचारूनच जंताचं औषध द्या.

मग राहिला मे महिना. पारा पंचेचाळिशीला टेकला की पाणी तापतं आणि त्यातला प्राणवायू घटतो. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा, झाकण काढून वर मच्छरदाणीची जाळी ताणा आणि पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पाऊस लागला की ही युक्ती फसते, पण तोवर उकाडाही ओसरलेला असतो. मुरी अधूनमधून वर येऊन हवा गिळते आणि आतड्याने श्वास घेते, ते पाहून घाबरू नका. सगळ्याच एकदम, वारंवार वर येऊ लागल्या तर मात्र लगेच पाव टाकी पाणी बदला. जाळीला चारही बाजूंनी चिमटे लावा. एअर पंपाची नळी जाते तिथली फट स्पंजने बुजवा, मुरी तेवढ्यातूनही निसटते.