शेजाऱ्याच्या परसातून घराच्या दुरुस्तीसाठी परवानगी कशी घ्यावी

कोकणात आणि जुन्या गावठाणांत घराची मागची भिंत पुष्कळदा थेट हद्दीवर असते. अशा घराची कौले पावसाळ्यापूर्वी शाकारायची असतील किंवा भिंतीला गिलावा करायचा असेल, तर शिडी शेजाऱ्याच्या परसातच, कधी त्यांच्या अळूच्या वाफ्याशेजारी, उभी करावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी 1992 चा स्वतंत्र कायदा आहे आणि शेजाऱ्याने अडवल्यास न्यायालयाकडून प्रवेशाचा आदेश मागता येतो. आपल्याकडे तशी तरतूद नसल्याने जुने कागद आणि शेजाऱ्याची संमती यांवरच भिस्त असते.

सर्वप्रथम खरेदीखत, वाटणीपत्र आणि मोजणीची ‘क’ प्रत (जमिनीच्या हद्दी दाखवणारा सरकारी मोजणीचा नकाशा) पाहावी. घराची भावाभावांत वाटणी झालेली असल्यास वाटणीपत्रातील वहिवाटीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून जाण्यायेण्याच्या किंवा ती वापरण्याच्या हक्काचा, मजकूर बारकाईने वाचावा. शेजारच्या जमिनीतून पाण्याची नळी नेण्याचा हक्क असेल, तर 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 24 नुसार ती दुरुस्त करण्यासाठी तेथे जाऊन खणता येते. मात्र जमीन पूर्ववत करून द्यावी लागते.

असा कोणताही हक्क नसेल, तर चैत्रातच शेजाऱ्यांची भेट घ्यावी. नकारामागे बहुधा एकच भीती असते, की आज शिडी लावू दिली तर उद्या वहिवाट लागेल. ती अगदीच निराधार नाही, कारण 20 वर्षे उघडपणे, निर्वेध आणि हक्काने केलेल्या वापरातून वहिवाट सिद्ध होऊ शकते. परंतु परवानगीने केलेल्या वापरातून ती निर्माण होत नाही. म्हणून पत्रात स्पष्ट लिहावे: ‘आपल्या परवानगीने, केवळ या दुरुस्तीपुरता प्रवेश करीत असून त्यावर कोणताही हक्क सांगणार नाही.’ हे वाक्य शेजाऱ्याचेच रक्षण करते, आणि माझ्या मते पत्रातील सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. कामाचे दिवस, वेळ, गवंड्यांची संख्या आणि नुकसानभरपाईची हमीही त्यात असावी.

कामापूर्वी परसाची छायाचित्रे काढावीत, झाडांवर ताडपत्री घालावी आणि फुटकी कौले व चुन्याचा राडा रोजच्या रोज उचलावा.

तरीही नकार मिळाल्यास बळजबरीने आत जाऊ नये. तालुका विधी सेवा समितीकडे समेटासाठी अर्ज करावा. कागदोपत्री हक्क असूनही अडवणूक होत असेल, तर वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा.