कॅरी पिस्तुलासाठी बाहेरच्या कंपनीचं वाढीव मॅगझीन कसं पारखावं

ग्लॉक ४३एक्स हे सडपातळ पिस्तूल २०१९ साली बाजारात आलं. मूळ मॅगझीनमध्ये, म्हणजे मुठीत सरकणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, ९ एमएमच्या १० गोळ्या. त्याच मुठीत, बाहेरून एक मिलिमीटरही न वाढता, १५ गोळ्या बसवणारं शील्ड आर्म्स कंपनीचं एस१५ हे पोलादी मॅगझीन पुढे आलं आणि अमेरिकेत रोज पिस्तूल बाळगणाऱ्या अनेकांनी ते घेतलं. यात युक्ती साधी आहे. ग्लॉकच्या मॅगझीनला पोलादावर जाड प्लास्टिकचं आवरण असतं. ते काढून भिंत नुसत्या पातळ पोलादाची केली, की आत गोळ्या दोन रांगांत बसवायला जागा मिळते. दुसरा मार्ग आहे मूळ मॅगझीनला उंच बेसप्लेट, म्हणजे तळाचं झाकण, लावून दोन-चार गोळ्या वाढवण्याचा. तिसरा, सरळ लांब मॅगझीनच घेण्याचा.

तिन्हींची जाहिरात गोळ्यांच्या आकड्यावर होते. माझं म्हणणं असं, की आकडा सगळ्यात शेवटी बघावा. पिस्तूल अडकतं तेव्हा दोष बहुतेक वेळा मॅगझीनमध्ये सापडतो. वाढीव मॅगझीन म्हणजे त्याच नाजूक भागाशी केलेली छेडछाड. म्हणून ते स्वतःच्या हातांनी पारखून घेतल्याशिवाय कमरेला लावू नये.

आधी कायदा, मग खरेदी

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी पहिला प्रश्न व्हिसाचा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसांवर असलेल्या व्यक्तीला बंदूक आणि काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण ते मोजके. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही आडकाठी नाही. नवरा नागरिक आणि बायको व्हिसावर, असं घर असेल तर पिस्तूल आणि गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली नागरिक असलेल्याच्याच हाती असू द्या, आणि वकिलाशी एकदा बोलून घ्या.

मग राज्य. टेक्सासात मॅगझीनला गोळ्यांची मर्यादा नाही. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये १०, कोलोरॅडोत १५, डेलावेअरमध्ये १७, इलिनॉयमध्ये पिस्तुलासाठी १५. हे कायदे न्यायालयात सतत तपासले जातात आणि बदलतात, त्यामुळे खरेदीच्या आठवड्यात आपल्या राज्याचा चालू नियम वाचा. १५ गोळ्यांचं मॅगझीन कोलोरॅडोत चालतं, पण त्याच मॅगझीनला पाच गोळ्यांची वाढीव बेसप्लेट लावली की ते मर्यादेबाहेर जातं. डॅलसहून डेन्व्हरला गाडीने जाणाऱ्याने ही गोष्ट निघण्याआधी लक्षात घ्यावी.

आणखी एक, कळकळीने सांगतो. रेंजची, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागेची, बॅग आणि प्रवासाची बॅग कधीही एक करू नका. अमेरिकेत मॅगझीन रिकामं असलं तरी विमानात हातातल्या सामानात चालत नाही. भारतात तर शस्त्राचे सुटे भागही १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. मुंबईला उतरल्यावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एखादं काडतूस किंवा मॅगझीन सापडलं, तर सुट्टी पोलीस ठाण्यात सुरू होते. (महाराष्ट्रातल्या परवानाधारकांना या लेखाचा थेट उपयोग नाही. ९ एमएम हा बोअर, म्हणजे नळीच्या व्यासाचा प्रकार, तिथे सामान्य नागरिकाला मिळत नाही.)

कंपनीचंच लांब मॅगझीन आहे का, ते बघा

ही पायरी बरेच जण गाळतात. ग्लॉक १९ मध्ये ग्लॉक १७ चं १७ गोळ्यांचं मॅगझीन चालतं. सिग पी३६५ साठी सिग स्वतः १२ आणि १५ गोळ्यांची मॅगझीन विकते. तुमच्या पिस्तुलाला असा घरचा पर्याय असेल तर तोच घ्या. ४३एक्ससारख्या पिस्तुलासाठी जास्त गोळ्यांचं घरचं मॅगझीन नव्हतं, म्हणूनच बाहेरच्या मॅगझीनला एवढी मागणी आली.

हातात घेऊन तपासा

पिस्तूल रिकामं करा. मॅगझीन काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे झाडायची गोळी बसते ती नळीची मागची जागा, डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. खोलीत एकही खरं काडतूस ठेवू नका. सरावासाठी नकली काडतुसं मिळतात, ती वापरा.

मॅगझीनच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा असतात. वरच्या गोळीला त्या धरून ठेवतात आणि ती कोणत्या उंचीवर, कोणत्या कोनात चेंबरकडे जाईल हे ठरवतात. मॅगझीनचा जीव तिथे आहे. दोन्ही कडा समान आहेत का, कुठे खरबरीत धार राहिली आहे का, प्लास्टिकच्या असतील तर केसासारखी चीर आहे का, हे उजेडात बघा. कॅलिपर असेल तर दोन कडांमधलं अंतर मोजून वहीत लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा कडा फाकत आहेत का ते कळेल.

मग फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावर बसलेला तो छोटा पाट. बोटाने तो खाली दाबा, एकदा पुढच्या बाजूने, एकदा मागच्या. तिरका होऊन अडकला तर गोळीही तिरकी उभी राहणार. चांगला फॉलोअर सरळ जातो, सरळ येतो.

रिकामं मॅगझीन पिस्तुलात घाला आणि स्लाइड ओढा. स्लाइड मागेच अडकून राहिली पाहिजे. आता बटण दाबा, मॅगझीन स्वतःच्या वजनाने खाली पडलं पाहिजे. हे दहा-पंधरा वेळा करा. स्लाइड मागे असताना मॅगझीन जोरात ठोकूनही बघा. लांब मॅगझीनला मुठीच्या तळाशी थांबा नसेल, तर ते गरजेपेक्षा वर घुसून आतल्या इजेक्टरला, म्हणजे रिकामं कवच बाहेर फेकणाऱ्या तुकड्याला, धडकू शकतं. असं होताना दिसलं तर पुढच्या चाचण्या करू नका, मॅगझीन परत पाठवा.

कॅचचा प्रश्न

मॅगझीनला जागेवर धरून ठेवणारा खटका, म्हणजे कॅच, ४३एक्समध्ये प्लास्टिकचा असतो. पोलादी मॅगझीनची धारदार खाच त्याला हळूहळू कुरतडते, आणि एक दिवस मॅगझीन गोळीबाराच्या मध्येच निसटतं. म्हणून एस१५ बरोबर पोलादी कॅच बसवायला सांगतात. बसवायला सोपा आहे. पण पोलादी कॅच बसवला की मूळ मॅगझीनची प्लास्टिकची खाच झिजायला लागते. थोडक्यात, दोन्ही प्रकारची मॅगझीन एकाच पिस्तुलात आलटून-पालटून वापरता येत नाहीत. हा निर्णय एकदाच आणि पूर्ण करायचा असतो. विकत घेतलेलं पोलादी मॅगझीन जुन्या कॅचवर ‘सध्या पुरतं’ वापरणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका.

पहिल्या आणि शेवटच्या दोन गोळ्या

मॅगझीन पूर्ण भरलेलं असतं तेव्हा स्प्रिंग सगळ्यात जास्त दबलेली असते. वरची गोळी कडांवर घट्ट दाबली जाते, आणि तिला पुढे ढकलताना स्लाइडला जास्त जोर लागतो. गोळ्या संपत येतात तेव्हा उलटं होतं. स्प्रिंग सैल पडते आणि वर ढकलण्याची ताकद घटते. मूळ मॅगझीनमध्ये या दोन टोकांचा तोल कंपनीने साधलेला असतो. आपण गोळ्या वाढवल्या की तो बिघडतो.

शिवाय वेळेचा हिशेब आहे. गोळी झाडल्यावर स्लाइड मागे जाऊन पुढे येते, तेवढ्या क्षणात स्प्रिंगने खालची सगळी रांग उचलून पुढची गोळी जागेवर आणायची असते. रांग जितकी लांब, तितकं वजन जास्त. ९ एमएमचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, म्हणजे पाच वाढीव गोळ्यांचे साठेक ग्रॅम. स्प्रिंग मंद पडली तर गोळी वर यायच्या आत स्लाइड पुढे निघून जाते. मग चेंबर रिकामंच बंद होतं, किंवा स्लाइड काडतुसाच्या पोटाला जाऊन अडते.

माझ्याकडे एका कंपनीची वाढीव बेसप्लेट होती. दिसायला सुबक, घट्ट बसणारी, बरोबर स्वतःची स्प्रिंगही होती. रेंजवर पहिली आठ मॅगझीन बिनबोभाट गेली. नवव्या वेळी शेवटून दुसरी गोळी नाक खाली करून अडकली. मी दोष माझ्या पकडीला दिला आणि पुढे चालू ठेवलं. तेराव्या वेळी पुन्हा तीच जागा. तेव्हा समजलं की स्प्रिंग शेवटच्या टप्प्यात दमते आहे. आठ मॅगझीनवर समाधान मानून मी ते कमरेला लावलं असतं, याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

म्हणून रेंजवर नोंद ठेवा. मॅगझीनच्या तळाला पक्क्या शाईने क्रमांक घाला. कानाला संरक्षण, डोळ्याला चष्मा, नळीचं तोंड सदैव लक्ष्याकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि रेंजवरच्या अधिकाऱ्याचा शब्द अंतिम. मग हे करा:

१. पूर्ण भरलेलं मॅगझीन स्लाइड बंद असताना घाला. ‘टक्’ आवाज आला पाहिजे, आणि खाली ओढून बघितलं तर हलता कामा नये. आत जातच नसेल, तर आतली रांग वरून दबायला जागा उरलेली नाही. अशा मॅगझीनमध्ये एक गोळी कमी भरून बघा.

२. सरावाच्या साध्या गोळ्या किमान २०० झाडा, त्यातले निम्मे राउंड झपाट्याने. अडकलं तर कितवी गोळी होती, कशी अडकली आणि कोणत्या क्रमांकाचं मॅगझीन होतं, हे तिथेच लिहा.

३. तुम्ही रोज ज्या पोकळ टोकाच्या गोळ्या बाळगता, त्या किमान ५० झाडा. हे महाग पडतं, पण टाळू नका. त्यांचं टोक बोथट असतं, आणि गोल टोकाची गोळी जिथून सहज सरकते तिथे ती अडखळू शकते.

४. एका हाताने झाडा, मग कमकुवत हाताने. लांब मॅगझीनच्या तळाखाली दुसरा हात टेकवूनही दोन मॅगझीन संपवा, कारण घाईत हात आपोआप तिथे जातो आणि मॅगझीनला वर रेटतो.

५. प्रत्येक वेळी शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबते का ते बघा. एकदाही न थांबणं ही स्प्रिंगने दिलेली पहिली सूचना समजा.

माझी अट कडक आहे. पहिल्या २०० मध्ये मॅगझीनमुळे एकदा अडकलं, तर स्प्रिंग बदलून मोजणी शून्यापासून. दुसऱ्यांदा अडकलं, तर ते मॅगझीन कायम सरावाच्या डब्यात. दोष पिस्तुलाचा की मॅगझीनचा ही शंका असेल, तर मूळ मॅगझीनने तशाच गोळ्या झाडून बघा. उत्तर लगेच मिळतं.

घरी आल्यावर नकली काडतुसांनी मॅगझीन भरा आणि कमरेच्या उंचीवरून सिमेंटच्या फरशीवर चार-पाचदा टाका, तळाच्या बाजूने आणि तोंडाच्या बाजूने. बेसप्लेट निसटली किंवा कडा वाकली, तर निकाल लागला. साफसफाईसाठी बेसप्लेट काढताना डोळ्यांवर चष्मा असू द्या, स्प्रिंग ताणाने उडते. आत तेल घालू नका, त्यावर धूळ आणि जळालेल्या दारूची काजळी चिकटते. कोरड्या फडक्याने पुसलं की पुरे.

कमरेला लावून बघा

लपवून बाळगायच्या पिस्तुलाची मूठ लपवणं सगळ्यात अवघड असतं. नळी पॅन्टच्या आत जाते, मूठ शर्टावर उमटते. मुठीबाहेर येणारं वाढीव मॅगझीन नेमकं तिथेच दीड-दोन सेंटिमीटर वाढवतं. म्हणून रिकाम्या पिस्तुलात नकली काडतुसं भरलेलं मॅगझीन घालून, होल्स्टरसकट, घरात एक पूर्ण दिवस वावरा. खाली वाका, गाडीत बसा, वरच्या फळीवरून डबा काढा, आरशात पाठमोरं बघा. संध्याकाळी पोटाच्या कडेला वळ उठला असेल, तर ते मॅगझीन तुम्ही महिनाभरात घरी ठेवू लागाल.

मुठीबाहेर येणारं लांब मॅगझीन जोडीचं म्हणून बाळगावं असं माझं मत आहे. पिस्तुलात मुठीबरोबर संपणारं आखूड, आणि डाव्या कमरेच्या पाऊचमध्ये लांब. दोन्ही एकाच कुटुंबातली हवीत, नाहीतर वरचा कॅचचा घोळ पुन्हा उभा राहतो. आणि दोन्हींची वहीतली नोंद वेगळी हवी, कारण एकाच पाकिटातून निघालेली दोन मॅगझीनही सारखी वागतीलच असं नाही. मी क्रमांक तीन आणि चार बाळगतो. एक आणि दोन अजून सरावाच्या डब्यात आहेत.